संगणकाचं फडताळ आवरताना

आमच्या घरी स्वयंपाकघरात अम्मीच्या तीन जागा ठरलेल्या होत्या. चुलीजवळ, अगदी हाताशी, मसाल्याचा गोल डबा. शेजारच्या काकू त्याला मिसळणाचा डबा म्हणत. मोहरी, जिरं, हळद, तिखट अशा रोज लागणाऱ्या चिजा त्यात. दुसरी जागा भिंतीतल्या फडताळाची. तिथं डाळी एका फळीवर, चहा-साखर-गूळ दुसरीवर, लोणच्याच्या बरण्या तिसरीवर. आणि तिसरी जागा माळ्याची. मोठी पातेली, पाहुण्यांच्या ताटल्या, असं वर्षातून दोनदा लागणारं सामान वर. अम्मी चौथीपर्यंत शिकलेली. पण रात्री वीज गेली तरी तिची फोडणी कधी करपली नाही. हाताला जागा माहीत होती.

आज बोलायचं आहे ते मात्र संगणकाबद्दल. मी कवी माणूस, मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला. संगणकाचा तज्ज्ञ मुळीच नाही. पण बरीच वर्षं त्याच्यावर टंकतो आहे, आणि एकदा मी एक चूक केली. त्या चुकीनं मला अम्मीच्या त्या तीन जागांचा अर्थ समजावून सांगितला. तोच तुमच्यापुढे ठेवतो.

संगणक सुरू केला, 'स्टार्ट'चं बटण दाबलं, की प्रोग्रामांची यादी उघडते. नव्या संगणकात ती आटोपशीर असते. मग आपण प्रिंटर जोडतो. त्याच्याबरोबर छपाईचा, स्कॅनिंगचा, शाईचा असे तीन-चार प्रोग्राम येतात. कुणी भाचा येऊन खेळ टाकून जातो. मराठी टंकण्यासाठी एक येतो, पत्रिका मांडायला दुसरा, फोटो कापायला तिसरा. जुन्या धाटणीचे प्रोग्राम तर एकटे येतच नसत. प्रोग्राम स्वतः, त्याची मदत-पुस्तिका, 'आधी हे वाचा'चा कागद, कंपनीच्या संकेतस्थळाचा दुवा आणि तो काढून टाकण्याची सोय, अशा चार-पाच नोंदी एकदम दाखल होत. आणि त्या बसत कंपनीच्या नावाच्या फोल्डरमध्ये. आता आपल्याला हवं असतं पत्र लिहायला. ते कोणत्या कंपनीच्या नावाखाली आहे, हे आपण का म्हणून लक्षात ठेवायचं?

आता माझी चूक सांगतो.

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या समितीवर मी आहे. तिथं पुस्तकांची देवघेव सांभाळणाऱ्या एक ताई आहेत. घरची जबाबदारी अंगावर पडल्यावर चाळिशीत संगणक शिकलेल्या. वाचनालयाला संगणक देणगीदाखल आला होता, त्यामुळे आधीच्या मालकाचं निम्मं सामान त्यात तसंच होतं. त्या वेळी त्यात विंडोज ७ होतं. मेनू उघडला की यादी खाली-खाली सरकवत न्यावी लागे. ताई निमूटपणे रोज ते करत. एका सुट्टीच्या दिवशी मी किल्ली मागून घेतली आणि दोन तास बसून तो मेनू आवरला. नको असलेल्या नोंदी काढल्या, 'कार्यालय', 'छपाई', 'इतर' असे फोल्डर केले, प्रत्येक प्रोग्राम त्याच्या खणात टाकला. घरी येताना मोठं सत्कृत्य केल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "सर, माझ्या हातून देवघेव पुसली गेली."

मी गेलो. सकाळपासून आलेल्या सभासदांची पुस्तकं त्यांनी पाठकोऱ्या कागदांवर लिहून ठेवली होती, तारखेसह, नीट रेघा मारून. माझ्याशी बोलताना हात थरथरत होते. म्हणाल्या, "नुकसान पगारातून कापून घ्या. फक्त अध्यक्षांना सांगू नका." मी मेनू उघडला, 'कार्यालय'वर क्लिक केलं आणि हसून म्हणालो, "अहो ताई, ही काय, इथंच तर आहे." ते हसणं मला अजून बोचतं. कारण ताई हसल्या नाहीत. जरा वेळानं म्हणाल्या, "तुम्ही छान लावलंय, सर. पण मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं. देवघेव खालून तिसरी होती."

खालून तिसरी. त्या नाव वाचतच नव्हत्या. त्यांच्या हाताला जागा माहीत होती, अम्मीसारखी. आणि मी ती जागा हलवली होती.

इथं एक तांत्रिक गोष्ट समजून घेऊ, म्हणजे अशी भीती कुणाला वाटणार नाही. मेनूत दिसणारं नाव म्हणजे प्रोग्राम नव्हे. ती दारावरची पाटी आहे. प्रोग्राम संगणकात दुसरीकडे, आपल्या घरात राहतो. मेनूतली नोंद ही त्या घराकडे बोट दाखवणारी अगदी लहान फाईल असते. तिला 'शॉर्टकट' म्हणतात. पाटी इकडची तिकडे लावली, तिचं नाव बदललं, अगदी काढून टाकली, तरी घर पडत नाही. ताईंच्या नोंदीही पुसल्या गेल्या नव्हत्या. फक्त पाटी दुसऱ्या गल्लीत गेली होती.

पण याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. यादीतल्या नावावर माऊसचं उजवं बटण दाबलं की जे पर्याय येतात, त्यांत 'अनपिन' म्हणजे टाचणी काढणं आणि 'अनइन्स्टॉल' म्हणजे प्रोग्रामच उखडणं, हे दोन्ही जवळजवळ असू शकतात. पहिल्यानं पाटी निघते, दुसऱ्यानं घर पडतं. तेव्हा दोनदा वाचून मगच क्लिक करावं.

आता प्रश्न असा, की यादी लावायची कशी? कवितेच्या प्रांतात याचं एक जुनं उदाहरण आहे. उर्दू-फारसी शायरांच्या दिवाणात गझला विषयानुसार किंवा लिहिल्याच्या तारखेनुसार लावायची पद्धत नव्हती. गझलेच्या शेराअखेर येणारं अक्षर बघायचं आणि वर्णमालेच्या क्रमानं गझला मांडायच्या. ज्याला गझल तोंडपाठ आहे त्याला ती क्षणात सापडते. पण 'पावसावरची एखादी गझल' शोधणाऱ्याला सगळा दिवाण चाळावा लागतो. संगणकाची अक्षरवार यादी तशीच आहे. नाव माहीत असेल तर ती उत्तम. फक्त काम माहीत असेल तर ती निरुपयोगी.

वाचनालयाशी संबंध असलेल्यांना डॉ. एस. आर. रंगनाथन यांचं नाव सांगायला नको. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. पुस्तकं कशी लावली म्हणजे कपाट सुंदर दिसेल, हा प्रश्न तिथं नाही. वाचकाच्या हाती पुस्तक लवकर कसं पडेल, हा आहे. मेनूलाही हाच नियम लावावा.

फोल्डर किती करावेत, आणि एकात एक किती घालावेत, याचाही अभ्यास झालेला आहे. १९८१ साली डी. पी. मिलर या संशोधकानं ६४ गोष्टींचे मेनू वेगवेगळ्या प्रकारे लावून लोकांकडून शोधून घेतले. एका प्रकारात ६४ नावं एकदम समोर. दुसऱ्यात दर पायरीला दोनच पर्याय, म्हणजे सहा पायऱ्या. तिसऱ्यात दर पायरीला चार, म्हणजे तीन पायऱ्या. चौथ्यात आठ गट आणि प्रत्येकात आठ नावं, म्हणजे दोनच पायऱ्या. सर्वांत लवकर शोध लागला तो या चौथ्या प्रकारात. थोडक्यात, सगळं एका ढिगात नको, आणि डबीत डबी, तिच्यात आणखी डबी असंही नको. घर, त्यात फडताळ, फडताळात फळी. तेवढं पुरे.

गंमत म्हणजे माझ्यासारखी चूक मोठमोठ्यांनीही केली आहे. विंडोजचा 'स्टार्ट' मेनू आला २४ ऑगस्ट १९९५ रोजी, विंडोज ९५ बरोबर. त्यातला 'प्रोग्राम्स' हा शब्द दाखवला की शेजारी एक पट्टी उलगडायची, तिच्यातून दुसरी, दुसरीतून तिसरी. माऊस जरा घसरला की सगळ्या पट्ट्या मिटायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पुढे ऑफिस २००० मध्ये कंपनीनं एक हुशारी केली. जे पर्याय तुम्ही फारसे वापरत नाही ते मेनूनं आपणहून झाकून ठेवायचे. हेतू चांगला होता. पण काल दिसलेली गोष्ट आज जागेवर नाही म्हटल्यावर माणूस गोंधळतो. पुढच्या काळात ही पद्धत मागे पडली. २००१ सालच्या विंडोज एक्सपीनं मात्र शहाणपणा केला. मेनूचे दोन भाग केले आणि डाव्या बाजूला वर, आपण स्वतः टाचलेल्या प्रोग्रामांना कायमची जागा दिली. तो संगणकातला मसाल्याचा डबा. २००७ साली घरोघर आलेल्या व्हिस्टानं त्याच मेनूत शोधाची चौकट दिली.

आणि मग २०१२ साली विंडोज ८ आलं. त्यात तो ओळखीचा मेनूच काढून टाकला आणि पडदाभर रंगीत चौकोन मांडले. वर्षानुवर्षं ज्या कोपऱ्यात हात जात होता तिथलं बटणच नाही. जगभर लोकांनी कुरकुर केली. २०१३ मध्ये बटण परत आलं, २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर मेनू परत आला. ते वाचताना मला दर वेळी आमच्या ताई आठवतात. "मला विचारलं असतंत तर..." एवढंच त्या लाखो लोकांचं म्हणणं होतं.

त्या दुपारी मी आणि ताईंनी तो मेनू पुन्हा लावला. या खेपेला खुर्चीवर ताई बसल्या आणि मी शेजारी स्टुलावर. तेव्हा जे केलं ते आजच्या विंडोज ११ मध्ये कसं करायचं, ते क्रमानं सांगतो.

पहिलं काम कागदावरचं. आठवडाभर संगणकाशेजारी एक कागद ठेवायचा आणि जो प्रोग्राम उघडाल त्याच्यापुढे एक रेघ मारायची. पडद्याला हातसुद्धा लावायचा नाही. बहुतेकांना नवल वाटतं, की एवढ्या लांब यादीतले आपण पाच-सातच प्रोग्राम वापरतो. ताईंच्या कागदावर सहा निघाले. देवघेव, सभासदांची यादी, पत्रलेखन, हिशेबाचा तक्ता, इंटरनेट आणि छपाई.

दुसरं काम, हे पाच-सात मसाल्याच्या डब्यात घालायचे. पडद्याच्या तळाशी जी पट्टी असते तिला टास्कबार म्हणतात. यादीतल्या नावावर उजवं बटण दाबून 'पिन टू टास्कबार' म्हटलं की त्या प्रोग्रामचं चित्र तिथं कायमचं बसतं. काही वेळा हा पर्याय 'मोअर'च्या आत असतो. चित्रं ओढून आपल्याला हव्या त्या क्रमानं लावता येतात. कामाचा जो क्रम असेल तोच ठेवावा. ताईंनी देवघेव पहिली ठेवली. एकदा ठेवल्यावर मात्र क्रम बदलू नये. हाताला सवय लागायला दिवस लागतात, मोडायला एक क्लिक पुरतं.

तिसरं काम फडताळाचं. महिन्यातून दोन-चारदा लागणारे प्रोग्राम 'पिन टू स्टार्ट' करायचे. विंडोज ११ मध्ये २०२२ पासून एका चित्रावर दुसरं चित्र ओढून सोडलं की फोल्डर तयार होतो, आणि त्याला नाव देता येतं. हे नाव कामाचं असावं, कंपनीचं नको. 'पत्रव्यवहार', 'फोटो', 'हिशेब', 'पोरांचा अभ्यास'. आणि 'इतर' नावाचा फोल्डर शक्यतो करू नये. मी केला होता. 'इतर' म्हणजे पलंगाखालची ट्रंक, तिच्यात गेलेलं कधी सापडत नाही.

चौथं काम नावांचं. पुष्कळ जुन्या धाटणीच्या प्रोग्रामांची पाटी आपल्याला बदलता येते. यादीत उजवं बटण दाबून 'मोअर' आणि मग 'ओपन फाईल लोकेशन' म्हटलं की शॉर्टकट समोर येतो. त्याचं नाव बदलायचं. दुकानातून थेट उतरवलेल्या नव्या ॲपना ही सोय नसते. आमच्या देवघेवीच्या प्रोग्रामचं मूळ नाव इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांचं असं होतं, की तोंडात बसेना. ताईंनी स्वतः टंकून 'देवघेव' असं नाव दिलं. त्या वेळचा त्यांचा चेहरा मला आठवतो. सकाळी ज्या यंत्राला त्या घाबरल्या होत्या त्याच्यावर त्यांनी आपल्या हातानं पाटी लावली होती. एखादा प्रोग्राम यादीत वर राहावा असं वाटत असेल तर नावाआधी इंग्रजी आकडा टाकावा. आकड्यानं सुरू होणारी नावं इंग्रजी अक्षरांच्या वर येतात.

पाचवं काम सफाईचं, आणि ते मुद्दाम शेवटी. जे वर्षभर कुणी उघडलं नाही आणि जे कशासाठी आहे हे नक्की माहीत आहे, तेवढंच काढावं. तेही रीतसर, 'सेटिंग्ज'मध्ये 'ॲप्स'च्या यादीतून अनइन्स्टॉल करून. नुसती पाटी फेकली तर घर आतल्या आत जागा अडवून बसतं. आणि ज्याचं नाव ओळखीचं नाही त्याला जाणकाराला विचारल्याशिवाय हात लावू नये. छपाईचा किंवा आवाजाचा एखादा आधार त्याच्यावर उभा असू शकतो.

उरलेलं सगळं माळ्यावर राहू द्यावं. माळ्यावरचं काढायला शिडी लागते, ती शिडी म्हणजे शोध. कळफलकावरची विंडोजची कळ दाबायची आणि नावाची पहिली दोन-तीन अक्षरं टंकायची. प्रोग्राम समोर येतो. तरुण मंडळी म्हणतात, शोध असताना मेनू आवरायचा कशाला? त्यांचं काही अंशी खरं आहे. पण शोधायला नाव आठवावं लागतं. आठवणं आणि ओळखणं यात फरक आहे. मुशायऱ्यात समोरच्यानं शेर म्हटला की आपण ओळखतो, पण तोच शेर आपणहून आठवायला सांगितला तर जीभ अडते. वय वाढतं तसं आठवणं आधी थकतं, ओळखणं पुष्कळ काळ सोबत राहतं. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या संगणकात डबा आणि फडताळ नीट असणं ही चैन नाही, गरज आहे.

एकाच संगणकावर दोघं-तिघं काम करत असतील तर प्रत्येकाचं वेगळं खातं, म्हणजे युजर अकाउंट, करावं. टाचलेली चित्रं त्या-त्या खात्यापुरती असतात. पोराचा पसारा पोराच्या खात्यात, आजोबांचा डबा आजोबांच्या. एकमेकांच्या हाताची सवय मोडत नाही.

विंडोजबाहेरही गोष्ट हीच आहे. लिनक्सच्या अनेक मेनूंमध्ये प्रोग्राम मुळातच कामानुसार विभागलेले येतात. कार्यालय, शिक्षण, चित्र, इंटरनेट, खेळ असे गट असतात. ॲपलनं मॅकवर २०११ मध्ये 'लाँचपॅड' नावाचा चित्रांचा फलक आणला आणि २०२५ मध्ये तो काढून दुसरी सोय दिली. विंडोज ११ मध्येही २०२५ पासून सगळी यादी गटवार दिसण्याची सोय येऊ लागली आहे. ते गट यंत्र ठरवतं. सोय चांगली आहे, जरूर वापरावी. पण आपला डबा आपणच भरावा. आपल्याकडे हिंग रोज लागतो की महिन्यातून एकदा, हे यंत्राला काय ठाऊक?

वाचनालयातला तो जुना संगणक आता गेला, नवा आला. ताईंच्या हाताखाली एक मुलगी कामाला लागली आहे. पहिल्या दिवशी तिनं उत्साहानं विचारलं, "बाई, तुमची ही चित्रं मी नीट लावून देऊ का?" मी कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होतो. ताईंनी माझ्याकडे एकवार पाहिलं आणि तिला म्हणाल्या, "लावू की. पण आधी एक आठवडा माझ्या शेजारी बस आणि मी काय कधी उघडते ते लिही. मग दोघी मिळून लावू."

एवढं बोलून त्यांनी ड्रॉवरमधून एक पाठकोरा कागद काढला आणि तिच्यापुढे सरकवला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)